उभा पाहुणा

माझ्या प्रबंधाचा विषय सांगितला की लोक आधी गंभीर होतात आणि मग हसू दाबतात. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या राजकारण्यांच्या मेजवान्या, स्वागतसमारंभ आणि दरबार. कोण कुणाशेजारी बसे, कोण कुणाच्या बायकोला हात देऊन जेवणाच्या दालनात नेई, कुणी उठल्यावर बाकीच्यांनी उठायचं, यावर मी उमेदीची बरीच वर्षं घातली. "आमची सुमन गोऱ्यांच्या जेवनावर डॉक्टर झाली, पन वरनाले फोडनी द्यायले तिले अजून वहिनी लागते," असं दादा चारचौघांत सांगतो. मी नागपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले, तोवर या विषयाचा कुणाला काही उपयोग झाल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

म्हणून १९९७ च्या जानेवारीत दादाचा बहरीनहून फोन आला आणि तो म्हणाला, "सुमन, इकडे ये. तुह्या विद्येचं काम पडलं," तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा आहे. पण तो हसला नाही. मी व्हिसाच्या मागे लागले.

हिद्द

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ यशवंत मेश्राम, हिद्दजवळच्या गोदीत जहाजदुरुस्तीच्या कामावर फोरमन होता. कंपनीने दिलेल्या दोन खोल्यांत तो आणि वहिनी राहत. मी पोचले तेव्हा फेब्रुवारीचे गार दिवस होते, वाळवंटाची भीती घालणाऱ्या शेजारणींची आठवण काढत मी स्वेटर घातला. सकाळी समुद्रावर गेलं की पाणीच सापडत नसे. ओहोटीला ते इतकं मागे जाई की होड्या चिखलात कुशीवर पडून राहत, आणि म्हातारे कोळी गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन मासे धरण्याचे सापळे तपासत. येताना दादा भट्टीवरून गरम खुबूस आणी. परातीएवढी ती रोटी कागदातही न गुंडाळता, नुसती हातावर टाकून देतात. आमच्याकडे असं कुणी दिलं असतं तर वहिनीने दुकानदाराला सुनावलं असतं. इथे दादाला वेळ नसला की वहिनीच ती रोटी ऐटीत हातावर घेऊन येई.

घरात अर्धं सामान बांधलेलं होतं. दादाची नोकरी मार्चअखेर संपत होती.

"खलास," तो म्हणाला. "व्हिसा कॅन्सल, कार्ड जमा. आता या मुलखात परत येनं नाही. सगळ्यांचा निरोप घेतला. एक राहिला."

"रामटेके?" मी विचारलं.

भाऊराव रामटेके भंडाऱ्याचा, आता बुदैयाला एका अरब मालकाकडे कामाला. दोघे एकाच विमानातून इथे आले आणि वहिनी येईपर्यंत एका खोलीत राहिले. दादाला टायफॉइड झाला तेव्हा रामटेकेने त्याची शुश्रूषा केली. रामटेकेच्या आईच्या मयताला त्याला रजा मिळाली नाही, तेव्हा दादा त्याच्यासोबत रात्रभर बसून होता. वहिनीच्या पत्रांत त्याचं नाव नेहमी असे, आणि मग चार वर्षांपूर्वी ते एकाएकी थांबलं.

"फोन केला तं ‘बिझी हाय’ म्हनते. जेवाले बोलावलं तं ‘पाहू, इंशाल्ला’. इथं इंशाल्ला म्हनजे नाही, हे तुले मालूम नसन." दादाने समोरची पेटी पायाने सरकवली. "तुले गोऱ्यांचं मालूम हाय ना? भांडलेल्या मानसाले ते जेवाले कसे आनत, ते सांग. त्याले भेटल्याबिगर मी गेलो, तं नागपुरात माह्या घशाखाली घास उतरनार नाही."

माझ्या विद्येची इतकी गरज आजवर कुणाला पडली नव्हती. मला घाबरायला झालं.

मी त्याला ठाऊक होतं ते सांगितलं. लंडनमध्ये बुधवारी आणि शनिवारी सभागृहाला संध्याकाळ मोकळी मिळे, म्हणून त्या दिवशी मोठ्या मेजवान्या असत. दुपारी ज्याच्यावर आग ओकली, त्याच्याच बायकोला रात्री हात देऊन जेवायला न्यायचं, आणि हवापाण्यावर बोलायचं. बायका उठून गेल्या की पुरुष खुर्च्या जवळ ओढत आणि मग राजकारण. पण आयर्लंडच्या प्रश्नावरून पक्ष फुटला तेव्हा हे मोडलं. ज्यांची पोरं एकत्र वाढली ते एकमेकांकडे जेवायला जाईनात. विरोधी पक्षवाल्याला बोलावतील, पण फुटून गेलेल्या आपल्याच माणसाला नाही.

"मंग?" दादाने विचारलं. "कसे आले परत?"

"पुष्कळ जण आलेच नाहीत," मी म्हणाले. हे त्याला सांगणं जिवावर आलं, पण खोटं कसं सांगू?

मीना सलमान

दोन दिवसांनी आम्ही पेट्या घेऊन मीना सलमानच्या बंदरावर गेलो. गोदामाच्या सावलीत कार्गोवाल्याची वाट पाहत पेट्यांवरच बसलो. लोखंड कापण्याचा आवाज, डिझेलचा वास, आणि पलीकडे पाण्यावर क्रेनच्या माना. वहिनीने डब्यातून भाकरी आणि लसणाची चटणी काढली. शेजारी टेकलेल्या एका मल्याळी ड्रायव्हरला तिने हिंदीत आग्रह करकरून निम्मी भाकरी खायला लावली. तिथे दादाने मला भांडण सांगितलं. इतके दिवस मी विचारलं नव्हतं, त्यानेही सांगितलं नव्हतं.

भांडण खुर्चीचं होतं.

एप्रिलच्या जयंतीला त्या वर्षी मुंबईहून एक पुढारी यायचे होते. दादा समितीचा अध्यक्ष. पण काम सगळं रामटेकेचं. त्याने हॉल मिळवला, परवानगीसाठी हेलपाटे घातले, पिकअपमधून खुर्च्या वाहिल्या, आदल्या रात्री व्यासपीठावरची पताका स्वतः बांधली. व्यासपीठावर मोजक्या खुर्च्या होत्या आणि त्यांतली एक त्याची होती. पुढारी आले ते सोबत एका स्नेह्याला घेऊन. खुर्ची कमी पडली.

"मी म्हनलं, ‘रामटेके, तुही खुर्ची दे.’ त्यानं दिली. एक शब्द बोलला नाही. खाली सगळा हॉल भरला होता, मंग तो व्यासपीठाच्या खांबाले टेकून उभा राहिला. शेवटच्या वंदनेपर्यंत उभा." दादाने पेटीची दोरी घट्ट केली. "मले वाटलं, घरचाच मानूस हाय. घरच्याले काय मान द्याचा?"

वहिनी डबा बंद करत म्हणाली, "घरच्यालेच पयले द्या लागते. बाहेरचा तं घेऊनच जाते."

माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण खुर्च्यांवर आहे. गव्हर्नरच्या दरबारात कुणाची खुर्ची उजवीकडे, कुणाची दुसऱ्या रांगेत, कुणाला खुर्चीच नाही, यावरून संस्थानिक रुसून मुक्काम हलवत. ते प्रकरण मी बऱ्यापैकी खिल्ली उडवत लिहिलं होतं आणि परीक्षकांना ते फार आवडलं होतं. आमचे स्वतःचे पणजोबा कामठीच्या छावणीत पंखा ओढत. साहेबांच्या जेवणावळी चालत तेव्हा ते भिंतीपलीकडे व्हरांड्यात असत, आणि दोरी भिंतीतल्या भोकातून आत जाई. ज्या घराला टेबल कधी दिसलंच नाही, त्या घरातल्या माणसाने खुर्चीला हसू नये, हे मला त्या पेटीवर बसून कळलं.

मनामा

फोनवर बोलावणं नको, असं मी ठरवलं. लंडनच्या यजमानीण बाई छापील पत्रिका तीन आठवडे आधी पाठवीत. आमच्याकडे एवढा वेळ नव्हता. वहिनीच्या नावाने मी चांगल्या कागदावर चार ओळी लिहिल्या आणि दादाने ते पाकीट रामटेकेच्या मालकाच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिलं. तिसऱ्या दिवशी वहिनीला फोन आला. "येतो, वहिनी. गुरुवारी." इंशाल्ला म्हणाला नाही, हे वहिनीने तीनतीनदा सांगितलं.

मग आम्ही दोघी मनामाच्या बाजारात गेलो. अरुंद गल्ल्या, सोन्याची दुकानं, वेलचीचा वास, आणि प्रत्येक दुकानदार मोडक्या हिंदीत "आओ सिस्टर" म्हणतो. हमूर मासा घेतला. पाटवड्यांसाठी बेसन घरी होतंच, कारण रामटेकेला पाटवडीचा रस्सा फार प्रिय. परतताना एका दुकानात ऊद दिसला. आपली उदबत्ती नव्हे, तर सुगंधी लाकडाचे खरेखुरे तुकडे, आणि शेजारी ते जाळायचं लाकडी धुपाटणं, पितळी खिळे ठोकलेलं.

"पाहुण्यासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"खास पाहुण्यासाठी," मी म्हणाले.

"मग हेच न्या. पाहुण्याचा मान याच्यानेच होतो."

त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मी फक्त पुढचा प्रश्न विचारला नाही. वहिनी इतकी वर्षं इथे राहिली, पण गोदीच्या क्वार्टरमध्ये. शेजारी सगळे मल्याळी नाहीतर आपले. अरबाच्या घरी ती कधी बसलीच नव्हती. आमच्या घरी वंदनेला आधी मेणबत्ती, आधी उदबत्ती. पाहुणा आला की घरात सुवास हवा, यात दोघींना शंका कसली वाटणार?

पुन्हा हिद्द

गुरुवारी संध्याकाळी शेजारून चार खुर्च्या मागून आणल्या, कारण आमच्या बांधल्या होत्या. त्यांतली एक जरा चांगली होती. दादाने ती दोनदा पुसली आणि दाराकडे तोंड करून ठेवली. मी दोघांना नियम घालून दिले होते. जयंतीचं नाव ताटं उचलेपर्यंत काढायचं नाही. आधी भंडाऱ्याचं बोलायचं, पोरांचं बोलायचं. आग्रह वहिनीने करायचा, दादाने नाही.

रामटेके वेळेआधीच आला. उंच, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट. दादा नेमका खुबूस आणायला भट्टीवर गेला होता. "जयभीम, वहिनी. जयभीम, ताई," असं म्हणून तो दारातच घुटमळला. मग त्याच खुर्चीवर टेकला, अगदी कडेला. वहिनीने पाणी दिलं. तो खोलीतल्या पेट्यांकडे पाहत राहिला. "खरंच चालला म्हनजे," असं हळूच म्हणाला, आणि मला वाटलं, जमलं.

मी आत जाऊन निखाऱ्यावर ऊद ठेवला आणि ते धुपाटणं दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरलं. धूर सुरेख वर चढत होता. रामटेकेने माझ्याकडे पाहिलं. मग हाताने धूर ओढून मोठ्या अदबीने छातीशी घेतला, बाह्यांना लावला, "बरं ताई" म्हणाला, उठला, चपला घातल्या आणि गेला.

आम्हाला वाटलं, गाडीत काही विसरलं असेल. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तरी आम्ही दाराकडेच पाहत होतो.

दादा आला, हातावर चार खुबूस. "त्याची गाडी वळताना दिसली. हात केला तं पाह्यलं नाही." मग त्याला वास आला. "हे काय लावलं?"

वहिनीने सांगितलं. दादाने खुबूस टेबलावर ठेवले आणि त्या पुसलेल्या खुर्चीत तोच बसला.

"इथं ऊद शेवटी फिरवते, सुमन. जेवन झालं, कावा झाला, मंग ऊद. ऊद आला का पाहुन्यानं समजायचं, उठा आता. गोदीतल्या अरबाच्या घरी मी दोनदा पाह्यलं हाय. रामटेके तं मालकाच्या मजलिशीत, बैठकीच्या खोलीत, रोज पाह्यते."

माझ्या हातात धुपाटणं तसंच होतं. दरबाराच्या शेवटी अत्तर-पान देत. दिलं की दरबार संपला. लंडनमध्ये यजमानीण बाई मानाच्या बाईकडे नुसती नजर टाकी आणि साऱ्या जणी उठत. माणसाला ऊठ म्हणण्याच्या साऱ्या सभ्य तऱ्हा मी शिकले होते, शिकवल्या होत्या, आणि त्यांतलीच एक माझ्या हाताने, घास वाढण्याआधी, दादाच्या मित्राच्या तोंडासमोर धरली. मला रडूच आलं.

"तुही चूक नाही," दादा म्हणाला. "आपल्या घरी उदबत्ती आधी लागते हे त्याले मालूम नाही का? एका खोलीत राह्यलो आमी. पन चार वर्सं जो मानूस उठाले कारन पाहून राहिला, त्याले तेवढं पुरते."

पाटवड्या आम्ही तिघांनी खाल्ल्या. कुणालाच चव लागली नाही.

बुदैया

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुटी. दादा सकाळीच म्हणाला, "यल्ला, चला." कुठे, हे विचारावं लागलं नाही.

बुदैयाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी खजुरांच्या बागा आहेत, जुनी गावं, मधेच नवे बंगले. त्या वर्षांत तिथे दंगलींमुळे वातावरण बरं नव्हतं. एका वळणावर पोलिसांनी थांबवून दादाचं कार्ड पाहिलं आणि सोडलं. रामटेके मालकाच्या बागेमागच्या खोलीत राहत असे. तो पुढच्या मजलिशीत कामात होता, म्हणून आम्ही व्हरांड्यात थांबलो. उघड्या दारातून आतलं दिसत होतं. भिंतीलगत गाद्या टाकलेल्या, नवा माणूस आत शिरला की बसलेले सगळे उठून उभे राहत, मग तो ओळीने हात मिळवी. छोट्या पेल्यांतून कावा, म्हणजे तिकडची बिनदुधाची कॉफी. नको असला की पेला जरा हलवायचा. शेवटी रामटेके धुपाटणं घेऊन फिरला. एकेकाने धूर घेतला, आणि खोली बघता बघता रिकामी झाली. कुणी कुणाला ‘या आता’ म्हटलं नाही.

मग त्याला आम्ही दिसलो.

त्याच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची, कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती. त्याने वहिनीला आणि मला खाटेवर बसवलं. "बसा," त्याने दादाला खुर्ची दाखवली. अहो-जाहो करत होता.

दादा भिंतीला टेकून उभा राहिला.

"बसा ना."

"नाही. बरा हाय."

रामटेके खुर्चीच्या बाजूला स्टोव्हपाशी खाली बसला आणि चहा केला. कधी निघणार, नागपुरात घराचं प्लास्टर झालं का, असं विचारलं. दादाने सगळ्याची उत्तरं दिली, उभ्यानेच. चहाही उभ्याने घेतला. त्याचे गुडघे गोदीने खाल्लेले; दहा पायऱ्या चढला तरी कण्हतो. मला त्याचा पाय थरथरताना दिसत होता. चहा संपला, बोलायचं संपलं, तरी तो उभा, आणि मधे ती रिकामी खुर्ची.

"नाटक कायले करून राहिला बे?" रामटेके एकदम ओरडला.

त्या ‘बे’ने वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने दादाला अरे-तुरे केलं होतं.

"तू किती वेळ उभा होता त्या दिवशी?" दादाने विचारलं.

रामटेकेने रिकामे कप जवळ ओढले.

"शेवटच्या वंदनेपर्यंत. मी पन तेवढा राहीन. तू तुहं काम कर."

"खुर्चीचा राग नव्हता बे मले." रामटेकेचा आवाज फाटला. "असल्या खुर्च्या लय पाह्यल्या. बापाले तं कोनी सतरंजीवरही बसू दिलं नाही. तू एकडाव वळून पाह्यलं असतं ना! सगळा वेळ मी तुह्या पाठीकडे पाहून राहिलो होतो. मले वाटे, आता वळन, आता वळन."

"चुकलो," दादा म्हणाला. "लाज वाटली म्हनून वळलो नाही. आनि मंग रोज लाज वाढत गेली."

रामटेके उठला. मला वाटलं, दादाला धरून बसवील. पण तो जाऊन त्याच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दोघे म्हातारे होत चाललेले पुरुष, खांद्याला खांदा लावून, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत. बाहेर बागेत पंप चालू होता.

मग रामटेकेने ती खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली आणि खाटेखालची चटई ओढली. "खुर्च्या मफी. नाहीच आता. खाली बस." दादाचा हात धरून त्याने त्याला हळूहळू खाली टेकवला, आणि त्याचा गुडघा दाबत बसला. दुपारी त्याने भात टाकला, डाळ केली, कालच्या उरलेल्या पाटवड्या वहिनीने न सांगता डब्यात आणलेल्याच होत्या. आम्ही चौघे एका ताटात जेवावं इतके जवळ बसून जेवलो. माझा एकही नियम लागला नाही.

निघताना रामटेके मला म्हणाला, "ताई, ऊद आनत नाही हं. आनला तं जा म्हनल्यासारखं होईन."

नागपूर

मी आठवड्याने परतले. दादा-वहिनी मार्चअखेर आले. ते धुपाटणं वहिनीने साडीत गुंडाळून आणलं, आणि मला ते दिसलं की अजूनही ओशाळायला होतं.

पुढच्या हिवाळ्यात रामटेके रजेवर आला आणि भंडाऱ्याहून आम्हाला भेटायला निघाला. वहिनीने सकाळपासून पाटवड्या थापल्या. दादाने त्याला आणायला शेजारच्या गल्लीपर्यंत माणसं पाठवली नाहीत, एवढंच. तो आला तेव्हा दादाने स्वतः निखारे फुलवून, ऊद घालून, धुपाटणं उंबऱ्यातच धरलं होतं.

रामटेके पायरीवर थांबला. धूर पाहून हसला. "आलो नाही तं हाकलून राहिला का बे?"

"ते तिकडचं तिकडे राहिलं," दादा म्हणाला. "इथं याचा अर्थ ये असा हाय. ये."

त्याने धूर छातीशी घेतला, आत आला, आणि सगळ्यांची चौकशी करत, फोटो पाहत, मूर्तीपुढे हात जोडत घरभर फिरला. वहिनी दादाला म्हणाली, गुडघे दुखतील, टेका आता. रामटेके बसेपर्यंत दादा बसला नाही.